कोपनहेगनचा चौथा खूर : एका श्राव्यगोष्टीच्या प्रकल्प नोंदी

३ मे
आज वही उघडली. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गासाठी वीस-पंचवीस मिनिटांची एक श्राव्यगोष्ट करायची आहे. ऐकणारी मुलं आठ ते तेरा वर्षांची. विषय माझाच: ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोडा कोपनहेगन. १८१५ मध्ये नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईत दिवसभर ड्यूक याच्याच पाठीवर होता. हा घोडा पुरलाय तो ड्यूकचा वाडा, स्ट्रॅटफील्ड से, आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे, आणि दहा वर्षं इथं राहून मी तो पाहिलेला नाही.

दुसरं कारण घरचं आहे. माझं माहेर जालना जिल्ह्यात, आसईपासून दोन कोसांवर. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जो इंग्रज सेनापती लढला, तो आर्थर वेलस्ली हाच पुढं वेलिंग्टन झाला. म्हातारपणी त्याला विचारलं की तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू न म्हणता तो आसई म्हणाला. वर्गातल्या मुलांना यातलं काहीच ठाऊक नाही. मलाही शाळेत एका ओळीपलीकडं कुणी शिकवलं नव्हतं.

मुदत: १८ जून, वॉटर्लूचा दिवस.

४ मे
आप्पांना फोन. माझे थोरले काका, वय ८१. आमच्याकडं घोडी होती तेव्हा तिचं सगळं तेच बघायचे. घोड्याचे शब्द मला त्यांच्याकडून हवे होते, कारण शब्दकोशात अर्थ सापडतो, पण कोणता शब्द कुठं शोभतो ते सापडत नाही.

वहीत उतरलेलं: पागा, थान, खरारा, चंदी, मोतद्दार, नालबंद, अगाडी-पिछाडी. चालींमध्ये दुडकी आणि चौखूर. रंगांमध्ये कुमैत, सुरंग, सब्जा, अबलख, पंचकल्याणी. कोपनहेगनचा रंग त्यांना वर्णन करून सांगितला: सगळं अंग तांबूस, आयाळ-शेपटीही त्याच वळणाची. आप्पा लगेच म्हणाले, "सुरंग. आयाळ काळी असती तर कुमैत म्हणलो असतो."

एका शब्दावर माझं अडलं होतं. सेनापतीचा स्वतःचा, लढाईत बसायचा घोडा, याला एक शब्द हवा. 'युद्धाश्व' म्हटलं की मुलं कान बंद करतात. 'खासा घोडा' घेतला. आपल्याकडं सरदारांच्या स्वतःच्या घोड्याला असंच म्हणत.

११ मे
पहिला भाग लिहून झाला. जन्म.

१८०७ मध्ये इंग्रजांनी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराला वेढा घातला. त्या मोहिमेत जनरल ग्रोव्हनर लेडी कॅथरिन नावाच्या घोडीवर होता. घोडी गाभण असल्याचं कळलं, तिला मायदेशी धाडलं, आणि १८०८ मध्ये शिंगरू झालं. त्याला लढाईच्या गावाचं नाव मिळालं. बापाचं नाव मिटिऑर. मिटिऑरचा बाप एक्लिप्स म्हणजे एकही शर्यत न हरलेला घोडा. नातू मात्र शर्यतीत फारसा चमकला नाही, म्हणून तो फौजेच्या वाटेला लागला. सर चार्ल्स स्ट्यूअर्टकडून फिरत फिरत १८१३ मध्ये वेलिंग्टनकडं आला, स्पेनमधल्या लढाईच्या शेवटच्या टप्प्यात.

इथं एक गोष्ट मुलांना सांगायचीच असं ठरवलं. मराठी फौजेत स्वार दोन तऱ्हेचे: सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. इंग्रजांचे अधिकारी आपला घोडा आपल्या पैशानं घेत. म्हणजे या हिशोबानं वेलिंग्टन शिलेदार ठरतो. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच गेली. एवढ्या मोठ्या ड्यूकला तशी भीती नव्हती, पण घोडा त्याचा स्वतःचा होता, सरकारचा नव्हता, ही गोष्ट शेवटच्या भागात कामाला येणार आहे.

१७ मे
लंडनला चेल्सीमधल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये गेले. नेपोलियनचा घोडा मारेंगो पाहायला. मूळ बेत असा होता की गोष्ट दोघांची करायची: हरलेल्याचा घोडा आणि जिंकलेल्याचा घोडा.

मारेंगोचा सांगाडा उभा आहे. लहानखुरा घोडा, मान पुढं, बरगड्यांच्या मधून पलीकडची माणसं दिसतात. वॉटर्लूनंतर तो इंग्रजांच्या हाती लागला, लॉर्ड पीटरनं त्याला इकडं आणलं आणि पुढं अँगरस्टाइन नावाच्या अधिकाऱ्याला विकला. त्यानं त्याला ईलीजवळच्या आपल्या जागेत पैदाशीसाठी ठेवला. १८३१ मध्ये घोडा मेला, हाडं जोडून उभी केली. एका खुराची चांदी मढवून तपकिरीची डबी केली आणि ती गार्ड्स पलटणीच्या अधिकाऱ्यांना भेट दिली. दुसरा खूर खूप उशिरा एका घरात सापडला. आणि गंमत म्हणजे नेपोलियनच्या पागेच्या नोंदींत 'मारेंगो' हे नावच नाही, त्यामुळं ते टोपणनाव असावं असा तर्क आहे.

पाऊण तास उभी होते. एक लहान मुलगा आईला विचारत होता, "हा झोपतो कधी?" आई हसली. मला हसू आलं नाही. जवळजवळ दोनशे वर्षं हे जनावर उभंच आहे. आप्पा म्हणतात, घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं, पण गाढ झोप लागायला त्याला आडवंच व्हावं लागतं.

१८ मे
रात्री ठरलं. मारेंगो गोष्टीत राहील, पण तीन मिनिटं. गोष्ट कोपनहेगनचीच. कारण सांगाड्याकडं पाहताना मला एकच प्रश्न पडत होता: दुसरा घोडा याच्या शेजारी का नाही?

उत्तर माहीत होतं, तरी काल ते पहिल्यांदा नीट लक्षात आलं. कोपनहेगन मेल्यावर त्या वेळच्या युनायटेड सर्व्हिस म्युझियमनं ड्यूककडं मागणी केली होती की त्याला उकरून काढू द्या, दोन्ही सांगाडे शेजारी शेजारी मांडू. ड्यूकनं सांगितलं, घोडा नक्की कुठं पुरलाय ते मला आठवत नाही. असं सांगतात की जागा त्याला पक्की ठाऊक होती.

आप्पांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "खोटं बोलला त्यो. बरं केलं. मालकाला जागा ठाऊक नसती व्हय?"

हाच या गोष्टीचा कणा. बाकी सगळं याच्याकडं यायला हवं.

२४ मे
वॉटर्लूचा भाग. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त खोडलंही इथंच.

आधी आवाजाचं. मी दोन करवंट्या आपटून टापांचा आवाज रेकॉर्ड केला होता, छान टपटप आला होता. मग लक्षात आलं की तो चुकीचा आहे. १७ जूनच्या दुपारपासून रात्रभर पाऊस कोसळला होता. १८ जूनला सकाळी रान इतकं चिखलाचं होतं की नेपोलियननं तोफा हलवता याव्यात म्हणून हल्ला लांबवला. उंच राय (गव्हासारखं पीक) उभी होती, तीही भिजून लोळलेली. त्या जमिनीवर टपटप होणारच नाही. बागेतली माती टोपलीत भिजवून तिच्यात मूठ दाबून ओढली, तर पचक-सुळ्ळ असा आवाज आला. तोच ठेवला. करवंट्यांचा आवाज फक्त शेवटी, ब्रसेल्सच्या रस्त्याकडच्या गावातल्या फरशीवर.

आता लाथेचं. ड्यूक पहाटेपासून रात्रीपर्यंत याच घोड्यावर होता. आजूबाजूचे त्याचे किती अधिकारी पडले, तो आणि घोडा दोघंही वाचले. रात्री वॉटर्लू गावातल्या मुक्कामी तो उतरला आणि शाबासकी म्हणून घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. तर घोड्यानं अशी लाथ झाडली की ती थोडक्यात हुकली. दिवसभर तोफेनं केलं नाही ते काम खुरानं झालं असतं.

मी 'लाथ मारली' लिहिलं होतं. आप्पांनी थांबवलं. "पोरी, लाथ येगळी अन् दुगाणी येगळी. लाथ एका पायानं, रागानं. दुगाणी दोन्ही मागच्या पायांनी, अन् ती ताजं घोडं झाडतं. दिसभर पळून बी दुगाणी झाडतंय म्हंजी त्याच्यात दम हाय अजून."

हे ऐकून मला ड्यूकचं ते प्रसिद्ध वाक्य उलगडलं. त्यात दमाबद्दल इंग्रजीत असा एक शब्द आहे की शब्दशः मराठी केलं तर मुलं फिदीफिदी हसतील. आता असं लिहिलं: "याच्याहून वेगवान घोडे पुष्कळ असतील, देखणे तर नक्कीच असतील. पण दमाला आणि चिवटपणाला याच्या तोडीचा मी दुसरा पाहिला नाही."

२५ मे
'पुठ्ठा' शब्दावर वर्गात गोंधळ होईल, मुलांना खोक्याचा पुठ्ठा आठवेल. तरी ठेवला. एक नवा शब्द शिकतील.

७ जून
पहिलं रेकॉर्डिंग वाया. कपड्यांच्या कपाटात बसून दीड तास वाचलं, सगळीकडं फ्रिजची घरघर. फ्रिज बंद करायचं सुचलं नाही. पुन्हा.

१४ जून
वर्गात कच्ची ध्वनिफीत ऐकवली. अकरा मुलं. पहिल्या भागाला दोघं खिडकीबाहेर बघत होती. दुगाणीला सगळी हसली. मारेंगोच्या तपकिरीच्या डबीला शांतता.

मग प्रश्न. आसईचा उल्लेख मी सुरुवातीला दोन वाक्यांत केला होता: त्या दिवशी वेलस्लीचा एक कुमैत घोडा त्याच्याखालीच गोळी लागून मेला, मग तो डायोमेड नावाच्या दुसऱ्या अरबी घोड्यावर बसला आणि त्या घोड्याला भाल्याची जखम झाली. एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "पहिल्याचं नाव काय होतं?"

माझ्याकडं नाव नव्हतं. गोष्टीत त्याला फक्त रंग आहे.

ती म्हणाली, "मग तो पण सांगा ना. तो तर मेला."

१६ जून
१८ तारखेची मुदत सोडली. आसईचा भाग मोठा करायचा.

डायोमेडची गोष्ट अशी: तो कर्नल अ‍ॅस्टनचा घोडा. डिसेंबर १७९८ मध्ये अ‍ॅस्टन द्वंद्वयुद्धात जखमी झाला आणि मरताना त्यानं हा घोडा वेलस्लीला दिला. पाच वर्षांनी आसई. केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन वस्त्या दिसल्या, त्यावरून वेलस्लीनं ताडलं की मध्ये नदी ओलांडण्याजोगा उतार असणारच, आणि पिंपळगावच्या बाजूनं फौज पार केली. शिंद्यांच्या तोफा फार नेटानं चालल्या. इंग्रजांची मेलेली, जखमी, बेपत्ता मिळून पंधराशेवर माणसं गेली, आणि हे जिंकलेल्या बाजूचं. मराठ्यांकडचे घोडे, बैल, तोफांचे जू ओढणारी जनावरं, यांचा हिशोब कुणी मांडलेला मला मिळाला नाही, म्हणून आकडा लिहीत नाही. पण ती सगळी जनावरं आमच्याच रानात पडली, एवढं वाक्य घेतलं.

ते वाक्य लिहिताना हात थांबला. लहानपणी त्या रानातून मी हरभरा उपटून खात जायची.

२८ जून
वॉटर्लूचे बिननावाचे घोडे. दोन गोष्टी जोडल्या.

एक, माँ-सें-जाँ. तिथं लढाईच्या वेळी इंग्रजांचं मैदानी इस्पितळ होतं. अलीकडं पुरातत्त्वाच्या लोकांनी आणि युद्धात जखमी झालेल्या माजी सैनिकांनी मिळून तिथं खोदकाम केलं, तर माणसांच्या कापलेल्या अवयवांबरोबर घोडेही निघाले. काहींच्या कवटीला गोळीचं भोक. म्हणजे तळमळणाऱ्या घोड्याला कुणीतरी जवळ जाऊन सोडवलं होतं. एरवी त्या रणभूमीवरच्या हाडांचं पुढं शेतासाठी खत झालं असं सांगतात, माणसांच्या आणि घोड्यांच्याही.

दुसरी मुलांसाठी. लंडनचा शल्यचिकित्सक सर अ‍ॅस्टली कूपर यानं लढाईनंतर लिलावात बारा जखमी घोडे विकत घेतले, त्यांच्या अंगातले छर्रे-गोळ्या काढल्या आणि हेमेल हेम्पस्टेडजवळच्या आपल्या कुरणात सोडून दिले. असं सांगतात की बरे झाल्यावर एका सकाळी ते बाराही आपण होऊन रांगेत उभे राहिले आणि चौखूर उधळत पुढं गेले, मग वळले, रांग मोडली आणि चरायला लागले. रोज सकाळी तेच. इथं पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही. नुसता माझा आवाज आणि मागं पाखरं.

आप्पांना ऐकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रांगेची सवय जात नसती."

९ ऑगस्ट
स्ट्रॅटफील्ड से. हा वाडा वर्षातून फार थोडे दिवस लोकांसाठी उघडतो, ईस्टरच्या सुमाराला आणि ऑगस्टात. ईस्टर हुकला होता. मुलगा आणि नवरा दोघंही बरोबर आले.

१८१७ मध्ये देशानं दिलेल्या पैशातून ड्यूकनं ही जागा घेतली. लॉडन नदी बागेतून वाहते. वाडा अपेक्षेपेक्षा साधा. कोपनहेगन म्हातारपणी इथल्याच कुरणात राहिला. डचेस त्याला स्वतःच्या हातानं पाव भरवायची. मग भेटायला येणाऱ्या बायकाही पाव-केक भरवायच्या आणि जाताना आठवण म्हणून शेपटीचे, आयाळीचे केस न्यायच्या. केसांची कांकणं करायच्या. आयाळ झडून किती राहिली असेल कोण जाणे. या भागाला मी 'लाड' असं नाव दिलं होतं, आता ते काढून टाकते. जिवंत जनावराचे केस तोडून नेण्याला मी लाड म्हणणार नाही.

थडगं झाडाखाली आहे, टर्की ओकच्या. दगड थोरल्या ड्यूकनं बसवलेला नाही, त्याच्या मुलानं, दुसऱ्या ड्यूकनं बसवला. म्हणजे बाप जिवंत असेपर्यंत खूण नव्हतीच. 'मला जागा आठवत नाही' हे तो खूण न ठेवताही सांगू शकला. हे मला दगडासमोर उभं राहिल्यावरच कळलं.

१२ फेब्रुवारी १८३६ ला घोडा मेला, वय २८. लष्करी इतमामात पुरायचं ठरलं. त्याआधी ड्यूकच्या लक्षात आलं की एका पायाचा खूर कुणीतरी कापून नेलाय. ड्यूक इतका भडकला की नेणाऱ्याला तोंड उघडायची छाती झाली नाही. १८५२ मध्ये ड्यूक वारला. त्यानंतर कधीतरी एका म्हाताऱ्यानं तो खूर आणून दुसऱ्या ड्यूकच्या हाती दिला. एवढी वर्षं त्यानं तो सांभाळला होता. दुसऱ्या ड्यूकनं त्याची दौत करवली.

घरी येताना गाडीत मुलगा म्हणाला, "परत पुरायला पाहिजे होता ना, आई?"

मला पण तेच वाटतं. दुसऱ्या ड्यूकनं दगड बसवला हे चांगलं केलं, दौत केली हे नाही. दोन्ही एकाच माणसानं केलं. गोष्टीत दोन्ही सांगणार, आणि माझं मतही सांगणार. मुलांना मत लपवलेलं कळतंच.

१० ऑगस्ट
दगडावरच्या दोन ओळी मराठीत. मूळ अर्थ: देवाच्या हातचं हे लहान साधन, माती जरी हलकी, त्या थोर दिवसाच्या कीर्तीत यालाही वाटा मिळावा. गद्यात वाचलं तर भाषणासारखं वाटत होतं. दुपारभर खटपट केली आणि अभंगाच्या मापात बसलं:

माती जरी साधी । देवाहाती होती ।
त्या दिसाची कीर्ती । त्याचीसुद्धा ॥

'दिसाची' आप्पांमुळं आलं. आधी 'दिनाची' होतं, ते कोरडं होतं.

२३ ऑगस्ट
फ्रिज बंद. कपाटात पाचवं आणि शेवटचं रेकॉर्डिंग. लांबी २६ मिनिटं ४० सेकंद. क्रम असा झाला: आसईचा कुमैत, डायोमेड, मग कोपनहेगनचा जन्म, वॉटर्लू, दुगाणी, बारा घोडे, कुरण, खूर, मारेंगोचा सांगाडा, ड्यूकचा नकार. दगड आणि अभंग शेवटी. मारेंगो नकाराच्या लगेच आधी आणला, म्हणजे ड्यूक कशाला नाही म्हणाला ते मुलांच्या डोळ्यांसमोर उभं असेल.

पहिलं वाक्य बदललं. आधी होतं, "ही गोष्ट कोपनहेगन नावाच्या घोड्याची." आता आहे: "एक कुमैत घोडा होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

फाईल आप्पांना पाठवली. चुलतभावानं फोनवर लावून दिली. दोनदा ऐकली म्हणे. मग त्यांचा फोन आला. त्यांना एकच दुरुस्ती हवी होती: कुमैत पडला त्या वाक्यानंतर मी फार लवकर पुढं जाते, जरा थांबायला हवं.

तिथं चार सेकंदांची शांतता घातली. आता लांबी २६ मिनिटं ४४ सेकंद. पुढच्या शनिवारी वर्गात.